112 किलोची बाईक, 46 हजार किलोमीटर: रोज वापरून लिहिलेला रिव्ह्यू

माझी उंची पाच फूट दोन इंच आणि वजन 52 किलो. हे आधीच सांगून टाकते कारण मी बाईक घ्यायच्या आधी जेवढे रिव्ह्यू वाचले, बघितले ते सगळे पिकअप, टॉप स्पीड आणि लुकबद्दल होते आणि ते करणारे बहुतेक सहा फुटी गडी होते, त्यामुळे गाडी बंद असताना, हाताने ढकलताना, उतारावरून मागे घेताना कशी वागते हे कुणी सांगतच नव्हतं. मला तेच हवं होतं. म्हणून हा रिव्ह्यू त्या बाजूनं लिहितेय. गाडी 97 सीसीची साधी कम्युटर, चार गिअर, किक आणि सेल्फ दोन्ही, चार वर्षं झाली, काट्यावर 46 हजार किलोमीटर पडलेत. मॉडेलचं नाव मुद्दाम घालत नाहीये, कारण 100 ते 110 सीसीच्या गाड्या बऱ्याचशा एकाच घडणीच्या असतात आणि मी जे लिहितेय ते त्यातल्या बहुतेक सगळ्यांना लागू पडतं.

याच्या आधी मी आठ महिने दादाची गाडी चालवली. 190 किलोच्या वरची, मोठं इंजिन, आवाज भारी, मोकळ्या रस्त्यावर 80 ला अशी शांत चालायची की उतरावंसं वाटू नये. चालती असताना मला तिचा कधीच त्रास झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. त्रास सगळा थांबल्यावर. पार्किंगमध्ये उताराला तोंड करून गाडी लावली की संध्याकाळी ती मागे ओढून काढणं माझ्या ताकदीबाहेरचं, मग कुणीतरी ओळखीचं येईपर्यंत थांबायचं. काही दिवसांनी मी ऑफिसला वीस मिनिटं आधी जायला लागले, फक्त सपाट जागा मिळावी म्हणून. आणि एकदा वळून थांबताना पुढचं चाक बारीक खडीवर आलं, पाय टेकवला तो घसरला आणि गाडी आडवी. स्पीड शून्य, लागलं काहीच नाही. पण टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकतंय, मी हँडल धरून जीव खाऊन ओढतेय आणि गाडी इंचभर हलत नाही. शेवटी दोन जणांनी थांबून उचलून दिली. त्या संध्याकाळी घरी येऊन दादाला सांगितलं की तुझी गाडी तू परत घे, मला माझ्या ताकदीत बसेल अशी गाडी बघायचीय. तो म्हणाला सवय होईल गं, जोर येतो हळूहळू. आठ महिने दिले होते सवयीला.

तर ही गाडी. पेट्रोल-ऑइलसकट 112 किलो, सीटची उंची 785 मिलिमीटर, टाकी जवळपास 10 लिटरची. आकडे कागदावर सगळेच वाचतात, त्याचा अर्थ असा की माझे दोन्ही पाय चवड्यांपर्यंत नीट टेकतात, एक पाय टेकवला तर टाचेसकट पूर्ण टेकतो, आणि गाडी दहा-बारा अंश कलली तरी मांडीच्या जोरावर परत सरळ करता येते. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. जड गाडी थोडी कलेपर्यंत ठीक असते आणि एका ठरावीक कोनाच्या पुढे गेली की मग तुम्ही तिला धरून नसता, ती तुम्हाला घेऊन पडते. हलक्या गाडीत तो कोन बराच लांब असतो. सिग्नलला बाजूच्याचा धक्का लागला, खड्ड्यात पाय टेकवायची वेळ आली, मागे बसलेली आई उतरताना एकाच बाजूला भार टाकून उतरली, अशा वेळी मी गाडी सावरू शकते.

मेन स्टँडवर लावताना नव्या लोकांना वाटतं हातानं उचलायची असते. तसं नाही. डावा हात हँडलला, उजवा सीटखालच्या पकडीला, उजवा पाय स्टँडच्या पट्टीवर, आधी स्टँडचे दोन्ही खूर जमिनीला टेकले की नाही ते गाडी सरळ करून बघायचं आणि मग अंगाचं वजन पायावर टाकायचं, गाडी आपोआप मागे चढते. 52 किलोच्या माणसाच्या वजनाला ही गाडी चढते, दादाची चढायची नाही. आणि मेन स्टँड रोज लागतो असं नाही, पण चेन बघायची, हवा बघायची, चाक फिरवून ब्रेक बघायचा तर लागतोच, त्यामुळे जिला स्टँडवर घेता येत नाही ती गाडी माणूस स्वतः तपासत नाही, दुसऱ्यावर सोडून देतो.

पडली का ही गाडी कधी? पडली, दोनदा. दुसऱ्यांदा पावसात, रस्त्यावर चिखलाचा पातळ थर होता, वळणावर पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला गेला. चूक माझीच. उजव्या अंगावर पडली. आधी इग्निशन बंद केलं, गिअरमध्ये होती ते बघितलं म्हणजे उचलताना चाक पुढे पळणार नाही, पडल्या-पडल्याच साईड स्टँड बाहेर काढून ठेवला म्हणजे उभी झाल्यावर पलीकडे पडणार नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवली, हँडल पूर्ण वळवून खालची मूठ एका हातात, दुसऱ्या हातात मागची पकड, गुडघे वाकवून खाली बसले आणि पायांनी जोर लावत छोटी छोटी पावलं मागे टाकत उठले. पाठ सरळ, हात ताठ, सगळं काम मांड्यांचं. अर्ध्या मिनिटात गाडी उभी. ब्रेकचा लिव्हर थोडा वाकला होता आणि आरसा फिरला होता, तो हातानं सरळ केला, दोन मिनिटं श्वास घेतला आणि निघाले. कुणाची वाट बघावी लागली नाही. ही पद्धत मी कोरड्या जागी जुनी गादी अंथरून आधी दोनदा करून बघितली होती आणि जो कुणी नवीन गाडी घेईल त्यानं ती पहिल्याच आठवड्यात करून बघावी असं मी मनापासून सांगेन.

आता इंजिनबद्दल. ताकद 8 बीएचपीच्या आसपास. मोठ्या गाडीवरून उतरून हिच्यावर बसलं की पहिले चार दिवस वाटतं गाडीला काहीतरी झालंय, ओढतच नाही. पाचव्या दिवशी कळतं की 40 पर्यंत ती छान उचलते आणि शहरात 40 च्या वर जायला मिळतंच किती. इंजिन लहान असल्यामुळे गिअर नीट वापरावे लागतात, चौथ्यात 25 ला रखडत नेली की इंजिन ठोकल्यासारखा आवाज करतं, त्याला तिसराच पाहिजे. चढाला आणि मागे माणूस असेल तर चढ सुरू व्हायच्या आधी दुसरा टाकून ठेवायचा, मधेच गिअर पाडायला गेलं तर तेवढ्यात सगळा जोर निघून जातो. आणि क्लच अर्धा दाबून चढावर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर ती सोडा, प्लेटा जळतात. माझ्या क्लच प्लेटा 46 हजारांत एकदाही बदललेल्या नाहीत.

मायलेज, ज्याला आपण सगळे एव्हरेज म्हणतो, त्याची मी वही ठेवलीय. पद्धत साधी, टाकी काठोकाठ भरायची, आकडा लिहायचा, पुढच्या वेळी परत तेवढीच भरायची, किती लिटर बसलं त्यानं किलोमीटरला भागायचं. मीटरवर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा हे खरं. चार वर्षांची सरासरी 64 येते. एकटी 45-50 ला चालवली तर 68-70 पर्यंत जाते, पावसाळ्यात ट्रॅफिक तुंबतो तेव्हा 60 वर येते, आणि हायवेला 75 नं दामटली तर 55 सुद्धा दिसलंय. लोकांना याचं आश्चर्य वाटतं की हायवेला तर ब्रेक नाहीत, सिग्नल नाहीत, मग कमी का. कारण हवेचा अडसर. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनानं वाढते, म्हणजे 40 वरून 80 ला गेलात तर नुसती हवा कापायला आठपट ताकद लागते. मोठ्या इंजिनाकडे ती शिल्लक असते, आपल्या 8 बीएचपीकडे नसते, मग अॅक्सिलरेटर पूर्ण पिळलेला आणि पेट्रोल ओततंय. ही गाडी 50 ला सगळ्यात खूश असते. मीही.

क्लच वायरचा किस्सा सांगते कारण तिथे हलकेपणाचा उपयोग मला सगळ्यात जास्त कळला. संध्याकाळी साडेसात, घर अजून नऊ किलोमीटर, सिग्नलला थांबताना लिव्हर दाबला आणि तो एकदम मोकळा, हाताला काही लागेचना. वायर आतल्या टोकाला तुटली होती. गाडी झटका देऊन बंद पडली. बाजूला घेतली. मग आठवलं की मेकॅनिक काका एकदा म्हणाले होते, क्लच नसला तरी गाडी घरी जाते, फक्त थांबायचं कमी. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू केलं, गाडीच्या बाजूला उभी राहून ढकलत चार पावलं पळाले, थोडा वेग आला तशी बसले आणि पायानं पुढे ढकलत ढकलत पहिला टाकला. खटकन आवाज आला, एक छोटा हिसका, आणि निघाली. वरचे गिअर तर क्लचशिवाय पडतात, अॅक्सिलरेटर सोडायच्या त्याच क्षणी गिअर दाबला की सरकन बसतो. सिग्नल लांबून दिसला की हळू करायची, लाल असेल तर न्यूट्रल करून थांबायचं आणि परत पायानं ढकलत सुरू. कमी गर्दीचा रस्ता धरला, थोडा लांबचा पडला, पण पोचले. 190 किलोची गाडी मी त्या नऊ किलोमीटरमध्ये एकदासुद्धा अशी ढकलून चालू करू शकले नसते. हे रोज करायचं काम नाही, गिअरबॉक्सला चांगलं नाही, आणि गर्दीत तर करूच नका, तिथे गाडी बाजूला लावून मदत बोलावलेली बरी. पण अडल्या वेळी गाडी आपल्या हातात राहिली. त्यानंतर मी जादाची क्लच वायर सीटखाली ठेवते, आणि वर्षातून एकदा जुनी उसवायला लागलीय का ते लिव्हरच्या टोकाशी बघते, एक जरी तार सुटलेली दिसली तरी बदलते.

आता जे आवडत नाही ते.

वारा. हायवेला मोठा ट्रक किंवा बस बाजूनं गेली की गाडी आधी बाहेर ढकलली जाते आणि मग आत ओढली जाते. पहिल्यांदा झालं तेव्हा मी हँडल घट्ट आवळलं, तेच चुकीचं. हात सैल, गुडघे टाकीला चिकटवून, अंग थोडं खाली केलं की गाडी स्वतः सावरते. पण खरं सांगायचं तर रोज चाळीस-पन्नास किलोमीटर हायवे असेल तर ही गाडी घेऊ नका. तिथे वजन उपयोगाचं असतं आणि ओव्हरटेक करायला जोर लागतो. 60 च्या वर फूटरेस्टला आणि हँडलला मुंग्या येतात, आरशात मागची गाडी थरथरताना दिसते, तासाभरात तळहात बधिर. महिन्यातून एखाद्या वेळी जायचं तर ठीक, मी गेलेय, पण दर तासाला थांबत गेलेय.

ब्रेक. माझ्या गाडीला पुढे-मागे दोन्ही ड्रम आहेत. रोजच्या वेगाला पुरतात, मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो अशी जोडणी आहे, नवशिक्यासाठी ती चांगली. पण पाण्यातून गाडी गेली की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पुढच्या ब्रेकला हाक मारली तरी तो ओ देत नाही. पहिल्या पावसाळ्यात मी साचलेल्या पाण्यातून बाहेर आले आणि लगेच समोर रिक्षा थांबली, लिव्हर दाबला तर नुसता मऊ, गाडी पुढे जातच राहिली, थोडक्यात वाचले. आता पाण्यातून निघालं की शंभर मीटर हळू चालवत दोन्ही ब्रेक हलके दाबून ठेवते, शू घासून गरम होतात, पाणी उडून जातं, पकड परत येते. नवीन घेणार असाल आणि पुढे डिस्कचा पर्याय असेल तर डिस्कच घ्या, यात दुसरा विचार करू नका. मला तेव्हा कळत नव्हतं.

ब्रेकचा विषय निघाला म्हणून अजून एक. हलकी गाडी लवकर थांबते असा गैरसमज खूप जणांना असतो. टायर बारीक, ब्रेक लहान, त्यामुळे थांबायला अंतर लागतंच. 40 ला गाडी सेकंदाला 11 मीटर जाते, 60 ला जवळपास 17 मीटर, आणि ब्रेक लावल्यानंतरचं अंतर तर वेगाच्या वर्गात वाढतं, म्हणजे 60 ला ते 40 च्या सव्वादोनपट. हे गणित माहीत झाल्यापासून मी पुढच्या गाडीच्या मागे जास्त जागा सोडते. मधे कुणीतरी घुसतं, घुसू दे.

हेडलाईट रस्त्यावर दिवे असतील तर पुरतो. पूर्ण अंधारात 45 च्या वर मी जात नाही कारण खड्डा दिसेपर्यंत तो चाकाखाली आलेला असतो. मागची सीट आईला अर्ध्या तासापर्यंत बरी, त्याच्यापुढे ती म्हणते थांब गं जरा, पाय मोकळे करते. मागे जड माणूस बसला तर मागचे शॉकअब्सॉर्बर खाली बसतात, पुढचं चाक हलकं होतं आणि हेडलाईट आकाशाकडे बघायला लागतो. त्याला स्प्रिंगखाली खाचा असतात, पाना लावून एक-दोन खाचा वर चढवल्या की फरक पडतो, पण हे गाडी देताना कुणी सांगत नाही.

देखभालीबद्दल सगळ्यात जास्त लिहायचं होतं. एका सर्व्हिस सेंटरमधून गाडी आणली, नाव घेत नाही, धुऊन पुसून चकाचक, कागदावर सगळीकडे बरोबरच्या खुणा. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमधून मागे घेताना मला ती जड लागली. रोज जिथून दोन बोटांनी मागे येते तिथे खांद्याचा जोर लागला. आधी वाटलं हवा कमी असेल, बघितली तर ठीक. चालवताना मागून बारीक गर्रर्र असा आवाज, वेगाबरोबर वाढणारा. आठवड्यानं पेट्रोल भरलं तर वहीत 66 च्या जागी 57. रविवारी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक हातानं फिरवलं, एक फेरासुद्धा पूर्ण होईना. चेनकव्हरला खालच्या बाजूला रबराचं बूच असतं, ते काढून आत बोट घालून चेन उचलली. मधोमध 20 ते 30 मिलिमीटर खालीवर हलली पाहिजे, माझी हलतच नव्हती, वीणेच्या तारेसारखी ताणलेली.

झालं असं होतं की चेन सैल झाली म्हणून त्यांनी चाक मागे सरकवलं, ते गरजेपेक्षा जास्त सरकवलं. चेन जास्त ताणली की काय होतं, खड्ड्यात मागचं चाक वर जातं तेव्हा दोन्ही दातेरी चक्रांमधलं अंतर वाढतं, चेनला ढील नसेल तर तो सगळा ताण बेअरिंगवर आणि चेनवरच येतो. आणि दुसरं, जे मला तोवर माहीत नव्हतं, मागच्या ड्रम ब्रेकची दांडी पायाच्या पेडलपासून चाकापर्यंत जाते, चाक मागे सरकलं की ती दांडी ओढली जाते आणि ब्रेक थोडासा लागलेलाच राहतो. त्यामुळे चेन ओढली की ब्रेकच्या दांडीचा नट परत सैल करून पेडलचा मोकळेपणा बसवायला लागतो. तो त्यांनी बसवला नव्हता. चालवून आल्यावर ड्रमजवळ हात नेला तर चटका बसेल इतका गरम. मी तसंच महिनाभर चालवलं असतं तर शू गेले असते, बेअरिंग गेलं असतं. मेकॅनिक काकांकडे नेली, त्यांनी एक्सलचा नट सैल केला, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर ज्या खुणा असतात त्या मोजून सारख्या केल्या म्हणजे चाक तिरकं बसणार नाही, चेनला ढील दिली, ब्रेकचा नट चार फेरे मागे घेतला, चाक फिरवलं आणि ते फिरतच राहिलं. मला म्हणाले, ताई, तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं ढकलताना जड लागली.

तेव्हापासून मी मुद्दाम रोज सकाळी गाडी बंद ठेवून गेटपर्यंत हातानं ढकलत नेते. वीस पावलं असतील. हवा कमी असेल, ब्रेक घासत असेल, चेन अडत असेल, सगळं त्या वीस पावलांत हाताला लागतं. जड गाडीत हे कळायची सोयच नाही कारण ती रोजच जड.

बाकी देखभाल फार नाही. 500 किलोमीटरला चेनवर ऑइल, पावसात भिजली तर लगेच. इंजिन ऑइल एक लिटरच्या आत बसतं, इतकं कमी ऑइल सगळं काम करतं म्हणून ते वेळेवर बदलायचं, मी तीन हजारांना बदलते. आणि त्यात कारचं ऑइल कधीही टाकू नका, कुणी कितीही म्हणालं की चांगलं महाग आहे तरी. बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो, कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात, त्यानं क्लच घसरायला लागतो. डब्यावर जासो एमए (JASO MA), म्हणजे ऑइलमध्ये बुडलेल्या क्लचला चालणारं, असं लिहिलेलं असलं पाहिजे, ते बघून घ्या. हवा दर पंधरवड्याला, सकाळी टायर थंड असताना. पंक्चर चार वर्षांत सहा. ट्यूबवाले टायर असल्यामुळे टायर उघडून ट्यूब बाहेर काढावीच लागते, पण त्यातल्या दोन वेळा मी गाडी ढकलत दीड-दोन किलोमीटर नेली आणि तेही मला परवडलं.

हे हलक्या गाडीचं शहाणपण काही आजचं नाही. होंडानं 1958 मध्ये सुपर कब काढली, 49 सीसीची, आणि ती काढताना विचार हा होता की डिलिव्हरीवाल्याला एका हातात सामान धरून दुसऱ्या हातानं चालवता आली पाहिजे, म्हणून हातातला क्लच लिव्हरच काढून टाकला. 2017 पर्यंत त्या घराण्याच्या 10 कोटी गाड्या तयार झाल्या, जगात दुसरं कुठलंही इंजिनवालं वाहन इतकं बनलेलं नाही. आज आपण चालवतो त्या कितीतरी 100 सीसीच्या गाड्यांचं आडवं झोपवलेलं सिलिंडर त्याच घडणीतून आलंय. आडव्या सिलिंडरमुळे वजन खाली राहतं, गाडी कलली तरी सावरायला सोपी पडते. कुणीतरी कामाला जाणाऱ्या माणसाचा विचार करून बसलेला होता, हे चालवताना कळतं आणि मला त्याबद्दल खरंच आदर वाटतो.

स्कूटर का नाही घेतली, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. स्कूटर वाईट नाही, सामान ठेवायला तर तीच चांगली, सीटखाली जागा, पुढे पाय ठेवायला जागा. पण माझ्या रस्त्यावर खड्डे फार आणि तिथे 18 इंची चाक जे सहज ओलांडतं तिथे स्कूटरचं लहान चाक आदळतं. वजन तर बहुतेक स्कूटरचं एवढंच असतं. आणि मला गिअर आवडतात. ताईला गेल्या वर्षी मी याच गाडीवर शिकवलं, वयाच्या 43 व्या वर्षी, तिच्या मनात भीती एकच होती की पडली तर उचलणार कशी. मी पहिल्या दिवशी चालवायला दिलीच नाही. गाडी बंद ठेवून मैदानाला दोन फेऱ्या ढकलत मारायला लावल्या, मग गादीवर आडवी करून उचलायला लावली. दुसऱ्या प्रयत्नात उचलली. त्यानंतर क्लच-गिअर चार दिवसांत जमलं तिला.

सध्या मागचा टायर संपत आलाय, मधल्या खाचा जवळपास सपाट झाल्यात. दोघा-तिघांनी सांगितलं एक साईज रुंद टाक, गाडी भरीव दिसते, पकड चांगली मिळते. मी विचारपूस केली, या रिमवर रुंद टायर नीट पसरत नाही, कडा आत ओढल्या जातात, चेनकव्हरला घासायची शक्यता, वर वजन वाढणार आणि एव्हरेज पडणार ते वेगळंच. मूळ मापाचाच टाकतेय, येत्या शनिवारी, आणि चाक निघणारच आहे तर ब्रेकचे शू आणि बेअरिंग समोर उभं राहून बघून घेणार आहे.